मुक्कामाचा प्रश्न

फिरायला जाणं हे आपलं काम नाही, असं आपल्या चळवळीत सर्रास म्हटलं जातं. आपण मोर्चाला जातो, अभिवादनाला जातो, लग्नाला आणि मयतीला जातो. पण नुसतं डोंगर, नदी, शेतं बघायला घर सोडणं म्हणजे चैन, आणि चैन म्हणजे चळवळीशी गद्दारी, असा एक हिशोब आपण मनात मांडून ठेवलेला आहे. आमचं म्हणणं याच्या उलट आहे. प्रवास आणि मुक्काम हा आपल्या लढ्याचा सुरुवातीपासूनचा विषय आहे. तो आपण चैन म्हणून सोडून दिला, की ज्यांनी आपल्याला पाणवठ्यावरून हाकललं त्यांना निसर्गही आयता मिळतो.

हे आज लिहायचं कारण असं. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकावरचं घर. गाडीतच झोपायची सोय, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, संडास. मोठी हॉटेलं जिथं नाहीत अशा निसर्गरम्य भागात पर्यटकानं स्वतःचं घर घेऊन जावं आणि रात्री कॅरॅव्हॅन पार्कमध्ये गाडी लावावी, अशी ही कल्पना. कल्पना चांगली आहे. पण ती वाचताना आम्हाला दोन प्रश्न पडले. रात्री गाडी कुणाच्या जमिनीवर लावायची? आणि टाकीत पाणी कुणाच्या विहिरीचं भरायचं?

मित्रांनो, हे दोन प्रश्न नवे नाहीत. बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आपण अत्याचाराच्या आठवणी म्हणून वाचतो. एकदा ते प्रवासवर्णन म्हणून वाचून बघा. त्यातले बाबासाहेबांचे स्वतःचे बहुतेक प्रसंग प्रवासातले आणि मुक्कामातले आहेत. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली मुलं मसूर स्टेशनावर उतरतात. जात कळल्यावर गाडीवान दुप्पट भाडं घेऊनही कासरा हातात धरत नाही. मुलांनाच बैलगाडी हाकावी लागते. रात्री टोलनाक्याजवळ बैल सोडून मुलं गाडीतच अंथरूण टाकतात. डब्यात जेवण भरपूर असतं, पण पाणी नसतं. म्हणून ती उपाशी झोपतात. बडोद्यात नोकरीला गेल्यावर राहायला जागा मिळत नाही आणि पारशी वसतिगृहातून बाहेर काढलं जातं. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाले नकार देतात, मग नवखा माणूस टांगा हाकतो आणि अपघात होतो.

आणि १९३४ चा प्रसंग तर शुद्ध सहलीचा आहे. चळवळीतल्या सहकाऱ्यांना लेणी बघायची हौस होती, म्हणून सुमारे तीस जणांचा जथा बाबासाहेबांबरोबर वेरूळकडे निघाला. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. अंगावर रस्त्याची धूळ होती, म्हणून काहींनी दाराजवळच्या हौदावर हात-तोंड धुतलं. हौद बाटवला म्हणून आरडाओरड झाली, जमाव जमला. अखेर किल्ला बघू दिला तो एका अटीवर. आत कुठंही पाण्याला हात लावायचा नाही. लक्ष ठेवायला बरोबर हत्यारबंद शिपाई दिला. हरकत घेणारे मुसलमान होते. अस्पृश्यता एका धर्मापुरती राहत नाही, शेजारच्या समाजातही झिरपते, हे बाबासाहेबांनी या प्रसंगातून दाखवून दिलं. पण आम्हाला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. बाबासाहेबांनी सहकाऱ्यांना 'सहल कशाला करता' असं म्हटलं नाही. ते स्वतः सहलीला गेले.

दौलताबाद आमच्या जालन्यापासून दूर नाही. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ठरवलं की आपल्याच मुलखात चाकावरच्या घरातून फिरून यायचं. तयार कॅरॅव्हॅनचं भाडं आपल्याला परवडणारं नाही. एका कार्यकर्त्या भावाची टेम्पो ट्रॅव्हलर आहे, एरवी ती लग्नाची वऱ्हाडं आणि शाळेची पोरं वाहते. गाडीत कायमचा बदल करायचा तर आरटीओची मंजुरी लागते, म्हणून गाडीला हात लावला नाही. सीटांच्या मधल्या जागेत फळ्या टाकून वर गाद्या अंथरल्या. शंभर लिटरची पाण्याची टाकी, छोटी गॅस शेगडी, एक ताडपत्री, बॅटरीचे दोन दिवे. सहा मोठी माणसं, दोन मुलं, चार रात्री. डिझेल, किराणा, तिकिटं धरून ११,४०० रुपये लागले, म्हणजे मोठ्या माणसामागं १,९०० रुपये. हा आकडा मुद्दाम सांगतो आहोत, कारण 'हे आपलं काम नाही' म्हणणाऱ्यांच्या मनात लाखांचे आकडे असतात.

आणि खरं सांगायचं तर ही आपल्याला नवी गोष्टही नाही. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीला, एक जानेवारीला भीमा कोरेगावला आपली माणसं टेम्पो आणि ट्रकमधून जातात. गाडीतच सतरंजी, वाटेत तीन दगडांची चूल, पिठलं-भाकरी, पोरांना कुशीत घेऊन झोप. हा आपला चाकावरचा संसार गेली कित्येक वर्षं चालू आहे. फक्त त्याला कुणी पर्यटन म्हणत नाही. उलट दुसऱ्या दिवशी रस्त्यावर कचरा किती झाला याची बातमी होते.

राजूरमार्गे भोकरदनला निघालो तेव्हा कापूस फुटून रानं पांढरी झाली होती, तुरीला पिवळा फुलोरा होता, मोसंबीच्या बागांत पाणी चालू होतं. मराठवाडा म्हटलं की दुष्काळ, टँकर आणि आत्महत्या एवढंच चित्र बाहेरच्यांच्या डोळ्यांपुढं येतं. आम्हीसुद्धा प्रकल्प अहवालात तेवढंच लिहितो. केळणा नदीच्या काठी सकाळच्या धुक्यात भाकरी भाजत बसल्यावर कळतं की हा मुलूख देखणाही आहे, आणि त्याच्या देखणेपणावर आपलाही वाटा आहे.

भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. १९७० च्या दशकात इथं उत्खनन झालं. त्यात हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीमूर्ती सापडली. इटलीतल्या पॉम्पेईला, म्हणजे इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या शहरात, सापडलेल्या भारतीय मूर्तीशी ती मिळतीजुळती आहे. पैठणहून उत्तरेकडं जाणाऱ्या व्यापारी रस्त्यावरचं हे गाव. आपल्या मुलांना सांगावी अशी गोष्ट पुढं आहे. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांची नावं तिथल्या दगडांवर कोरलेली आहेत आणि त्यात भोगवर्धनच्या उपासकांची नावं आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या गावची माणसं सांचीच्या स्तूपाशी जोडलेली होती. भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने एका जागी वर्षावास करत आणि उरलेलं वर्ष चारिका करत. ज्या धम्मात चालत राहणं हाच नियम आहे, त्या धम्माच्या माणसांनी 'फिरणं आपलं काम नाही' म्हणावं याचं आम्हाला नवल वाटतं.

अजिंठ्याला गाडी फर्दापूरच्या फाट्यावर लावून पुढं सरकारी बसनं जावं लागतं. सोमवारी लेणी बंद असतात, हे जाण्याआधी ध्यानात ठेवा. चित्रं सगळे बघतात. आम्ही मुलांना १२ क्रमांकाच्या विहारात नेलं. तिथं खोल्यांमध्ये झोपायचे दगडी ओटे आहेत. आठ वर्षांच्या मुलीनं ओट्याकडं बघून विचारलं, "इथं झोपायला जात विचारायचे का?" आम्ही सांगितलं की नद्या समुद्राला मिळाल्यावर आपलं नाव सोडतात, तसं संघात आलेल्याची जात उरत नाही, असं भगवान बुद्धांनी शिकवलं. पोरीनं ऐकून घेतलं. तिला या उत्तराची गरज दुसऱ्याच दिवशी पडली.

परतीच्या वाटेवर संध्याकाळी एका गावाच्या शिवारात थांबलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका गावाचा नाही. रस्त्याकडेला शेतकरी होता, तिशीतला. त्यानं आपण होऊन म्हटलं, "राहा की इथंच. विहिरीवर मोटार चालू करून देतो, टाकी भरून घ्या." चहा झाला, त्याच्या पोरांची आणि आमच्या पोरांची गट्टी जमली. अर्ध्या तासानं त्याचे वडील आले. गाडीला एक फेरी मारली. मागच्या काचेवर निळ्या अक्षरात 'जय भीम' लिहिलं आहे, तिथं थोडे थांबले. मग विचारलं, "पाव्हणे कोणत्या गावचे म्हणायचे?" गाव सांगितलं. "आडनाव?" आडनाव सांगितलं. म्हातारा हसून म्हणाला, "इकडं बिबट्या फिरतोय बघा. लेकरंबाळं हायेत संगं. पुढं हायवेला ढाबा हाये, तिथं लावा गाडी, तिथं उजेड असतोय."

पोरगा खाली मान घालून उभा राहिला. बिबट्या अर्ध्या तासापूर्वी नव्हता.

आजची जात अशी बोलते. शिवी देत नाही, काळजी करते. पोलिसांत काय सांगणार? माणसानं आम्हाला बिबट्यापासून वाचवलं, ही तक्रार कुठल्या कलमात बसते? जमीन त्याची, नकारही गोड. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही शुद्धाशुद्ध आणि सामाजिक अंतर यांवर पानंच्या पानं लिहिली, पण 'काळजीच्या भाषेतला नकार' यावर एक परिच्छेदही कुणी शिकवला नव्हता.

गाडीत बसल्यावर वाद सुरू झाला. आमचा भाचा इंजिनियरिंगला आहे. तो म्हणाला, "मामा, ते स्टिकर काढू. घरी गेल्यावर परत लावू. रात्रीची वेळ, लेकरं बरोबर आहेत." त्याचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. खैरलांजी आणि खर्डा ज्या राज्यात घडलं, तिथं सुरक्षिततेसाठी आडनाव गिळणाऱ्याला आम्ही भित्रा म्हणणार नाही. पण आत्याबाईंनी वेगळं सांगितलं. त्या साठीच्या आहेत, शाळा चौथीपर्यंत. त्या म्हणाल्या, "बाळा, बाबासाहेबांनी पण त्या टोलनाक्यावर मुसलमान असल्याचं सांगितलं होतं. पाणी मिळालं का?"

नव्हतं मिळालं. गाडीवानाच्या सल्ल्यावरून मुलगा उर्दूत बोलला, तरी नाकेवाल्यानं वर टेकडीवर जाऊन पाणी आणा म्हणून झटकून टाकलं. नाव लपवूनही तहान राहते, हा त्या गोष्टीतला धडा आत्याबाईंनी आमच्याआधी ओळखला होता. स्टिकर राहिलं. पण निर्णय भावनेनं घेतला नाही. पुढच्या गावच्या विहार समितीच्या मुलाला फोन लावला, तो ओळखीच्या कार्यकर्त्याचा मेहुणा निघाला. विहाराचं अंगण उघडलं, नळाला पाइप लावून टाकी भरली, आठ-दहा घरांतून भाकरी आणि ठेचा आला. रात्री अकरापर्यंत वस्तीतली पोरं गाडी आतून बघत होती.

त्या रात्री आणखी एक गोष्ट कळली. आत्याबाई पहिल्या दोन्ही रात्री गाडीचं दार लावून आतच झोपल्या होत्या. बाहेर गार वारा, चांदणं, तरी नाही. आम्हाला वाटलं थंडी बाधते. विहारात बायकांशी बोलताना त्यांनी सांगितलं, "मी उघड्यावर झोपले ती अठ्ठ्याहत्तर साली." २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. त्या तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या. चार रात्री आईबापांबरोबर ज्वारीच्या रानात, पावसात. खोकला आला तर तोंडात पदर कोंबायचा. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, विद्यापीठाच्या कमानीवर बाबासाहेबांचं नाव आलं, पण उघड्यावर झोपायची भीती त्यांच्या अंगातून गेली नाही. ताऱ्यांखाली झोपणं ही कुणाची हौस असते, कुणाची आठवण असते. कॅम्पिंगच्या जाहिरातीत हे येत नाही.

चौथ्या दिवशी जालन्यावरून अंबडमार्गे गोदावरीकडं निघालो. तो ऊसतोड टोळ्या बाहेर पडण्याचा हंगाम. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यात पत्रे, बांबू, ताडपत्र्या, हंडे, शेळ्या, कोंबड्या, वर माणसं. पेट्रोल पंपावर एक टोळी थांबली होती. मुकादमाकडून उचल घेतलेली, आता चार-पाच महिने कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत संसार. सात-आठ वर्षांचा एक मुलगा आमच्या गाडीजवळ आला. आत गाद्या, शेगडी, हंडा, टाकी बघितली आणि विचारलं, "तुम्ही कोणत्या कारखान्याला?"

आम्ही हंगामी वसतिगृहासाठी दरवर्षी अशा मुलांच्या याद्या करतो. पण त्या प्रश्नाला आमच्याकडं उत्तर नव्हतं. गाडीत संसार भरून निघालेली माणसं म्हणजे उसाला निघालेली माणसं, दुसरं काय असणार, हा त्याचा अनुभव होता आणि तो चूक नव्हता. सरकारच्या धोरणात कॅरॅव्हॅन पार्कला पाणी, वीज, रस्ता जवळ असावा याचा विचार आहे. चांगलं आहे. पण याच राज्यात दर हिवाळ्यात लाखो माणसं चाकांवर संसार घेऊन निघतात, त्यांच्या तळावर बायकांना संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही, रात्री दिवा नाही. यांना पर्यटक म्हणा असं आमचं म्हणणं नाही. हौसेनं चार रात्री गाडीत झोपणाऱ्याला जी किमान सोय लागते, ती पोटासाठी पाच महिने झोपणाऱ्याला आधी मिळाली पाहिजे, एवढंच म्हणणं आहे.

आता करायचं काय? अमेरिकेतल्या काळ्या बांधवांनी याचं एक उत्तर काढलं होतं. न्यूयॉर्कचे टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून काळ्या मोटारप्रवाशांसाठी एक मार्गदर्शिका काढली. कुठल्या गावात कुठल्या घरी, हॉटेलात, पंपावर, न्हाव्याकडं अपमान न होता थांबता येईल याची ती यादी होती. स्वतःची मोटार असली तरी रात्री थांबायचं कुठं, हाच त्यांचाही प्रश्न. ही 'ग्रीन बुक' तीस वर्षं निघत राहिली. १९६४ चा नागरी हक्क कायदा आल्यावर तिची गरज ओसरली. ग्रीन यांची इच्छाही हीच होती, की एक दिवस असं पुस्तक काढावं लागू नये.

कुणी म्हणेल, अशी यादी करणं म्हणजे वेगळं राहणं मान्य करणं नाही का? आमचं उत्तर असं, की यादी आणि कायद्याची लढाई या दोन्ही गोष्टी एकत्र चालू शकतात. संविधानाचा अनुच्छेद १५(२) दुकानं, हॉटेलं, विहिरी, तळी, घाट, रस्ते सगळ्यांना खुले करतो. १९२३ सालच्या बोले ठरावात पाणवठ्यांबरोबर धर्मशाळाही होत्या, आणि त्या ठरावाच्या अंमलासाठीच २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर ओंजळ भरली गेली. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा हॉटेल आणि धर्मशाळेतला भेदभाव गुन्हा ठरवतो. म्हणून पहिली मागणी ही, की पैसे घेऊन गाडी लावू देणाऱ्या प्रत्येक कॅरॅव्हॅन पार्क आणि कृषी पर्यटन केंद्राकडून नोंदणीच्या वेळीच हमीपत्र घ्यावं: जात-धर्म विचारून जागा वा पाणी नाकारलं तर नोंदणी रद्द. धंदा म्हणून दार उघडलं की ते खासगी अंगण राहत नाही.

दुसरं काम आपलं स्वतःचं. जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात निदान एक विहार असा करू, जिथं प्रवाशाला रात्री गाडी लावता येईल, नळ असेल, बायकांना वापरता येईल असा संडास असेल, मोबाइल चार्ज करायला बोर्ड असेल. किल्ली कुणाकडं याची नोंद समितीजवळ असेल. एका वहीत ही आठ नावं आली तरी पुष्कळ. आणि या अंगणात येणाऱ्याला आडनाव विचारायचं नाही. ऊसतोडीची टोळी थांबली तर तीही थांबेल, आणि त्या शिवारातला मान खाली घातलेला पोरगा कधी कुटुंब घेऊन आला तर त्यालाही पाणी मिळेल.

तिसरं, आपल्या घरातल्या बायांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन फिरा. त्यांनी देश बघितला तो मोर्चाच्या ट्रकमधून. शेवटच्या रात्री शहागडजवळ गोदाकाठी एका स्नेह्याच्या शेतात गाडी लावली होती. जेवणं झाल्यावर आत्याबाईंनी न बोलता गादी बाहेर ओढली, ताडपत्रीवर टाकली आणि नातीला शेजारी घेतलं. पहाटे आम्ही उठलो तेव्हा दोघी अजून गाढ झोपेत होत्या.

अशी वही ज्यांना आपापल्या तालुक्यात करायची आहे त्यांनी येत्या १४ एप्रिलच्या आत एका विहारापासून सुरुवात करावी. आधी नळ आणि संडास, मग रंगरंगोटी.

जय भीम.